कॅसेटमधला रोवणा

१

सन १९८३. श्रावणाचा वद्य पक्ष, पोळा तोंडावर आलेला. आसगावात सगळ्यांच्या बांध्या हिरव्या झाल्या होत्या. माझ्या बांधीत नुसतं गढूळ पाणी उभं होतं.

धानाची बांधी मला एकच. घराच्या मागे बोडी, म्हणजे छोटं तळं, आहे, बोडीच्या पाळीखाली बांधी. मागच्या दारात उभं राहिलं की धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत, सगळी दिसते. घराच्या पुढच्या खोलीत माझं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान. मधे फळ्यांची भिंत. मी चौथी शिकलो. पुढचं नागपुरात एका मिस्तरीच्या हाताखाली शिकलो आणि गावी येऊन बसलो. दुकानातून तेल-मीठ निघायचं. वर्षाचा तांदूळ बांधीतून यायचा.

चिखल करून ठेवला होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खारीच्या वाफ्यात तयार होऊन वाट पाहत होते. वाट पाहून पाहून त्यांना कांडं धरू लागलं होतं. कांडं धरलेला पऱ्हा लावला तर लोंबी भरत नाही. आणखी थोडे दिवस गेले असते तर वर्षाचा भात गेला असता.

आमच्या मोहल्ल्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, मजुरीने होत नसे. बायका एकमेकींना हात द्यायच्या. आज तू माझ्या बांधीत, उद्या मी तुझ्या. बांधी जिची, तिने आदल्या दिवशी तोंडाने बोलवायचं. बोलावल्याशिवाय कोणी जायचं नाही. बोलावलं की नाही म्हणायचं नाही.

आषाढात माझ्या बायकोच्या, ताराच्या, उजव्या हातात बाभळीचा काटा मोडला. हात पिकला. पवनीच्या डॉक्टरने चिरला, पट्टी बांधली, पण ताप उतरत नव्हता. त्यामुळे त्या साली ताराने कोणालाही हात दिला नव्हता. हात दिला नाही तर मागायचा कशाच्या जोरावर? शेजारच्या धुरपताबाई आणि गोदावरीबाई विचारून गेल्या. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं.

२

केशवराव दुपारी आला. आमच्याच गल्लीतला शेतकरी, माझ्याच वयाचा.

"काय इश्वरभाऊ, चालू आहे का कोर्ट?"

"बोल."

"बोलतो बाप्पा. तुझ्या दुकानात याले भेव लागते. गावात म्हणतात, इश्वरले राम राम घातला तर तोही उसना समजते अन् संध्याकाळी घरी येऊन वापस करते."

"नाही केला तर तूच म्हणशील बुडवला."

तो हसला. मग खिशातून पॉलिथीनची पुडी काढली. पुडीत कॅसेट होती. कवचावर आतून पांढरी बुरशी. फीत एका बाजूने तुटलेली, बाकीची एकमेकीला चिकटलेली.

"रंभाचा आवाज आहे याच्यात," तो म्हणाला.

रंभाबाई त्याची बायको. फाल्गुनात कावीळ होऊन गेली.

"मागच्या सालच्या रोवण्यातला. साळ्यानं नागपूरहून टेप आणली होती. धुऱ्यावर ठेवून भरलं. तुझी ताराबाईबी आहे त्या बायांच्या पातीत. पेटीत ठेवली होती, छपराच्या कवेलूतून पाणी गळलं पेटीवर. मले मालूमच नाही."

"आशा कमी आहे."

"पाहा तरी." त्याने कॅसेट टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही. "चेहरा दिसते, इश्वरभाऊ. डोळे मिटले का दिसते. आवाज नाही येऊन राहिला. आठवाले बसतो तर दुसऱ्याच कोन्या बाईचा येते."

मी कॅसेट त्याच्या हाताखालून काढून घेतली.

दारापर्यंत जाऊन तो थांबला. "अजून एक. तिच्यावर ताराबाईचा एक रोवणा राहिला. ताराबाई आमच्यात आली, अन् तुमच्या दिवशी रंभा खाटेवर. मराच्या आदी बोलत होती, ताराचा हात राहिला माह्यावर. मी मजुरीनं बाया लावून देतो. तुझी बांधी पाहाले नाही जात."

"मग नको पाहू."

"अरे, पण तिचा हात..."

"तो बायकांचा हिशेब आहे. रंभाबाईचा हात रंभाबाईनेच द्यायचा होता. ती गेली. त्याच्यात तू पडू नको."

"धन्य आहे तू," म्हणून तो गेला.

३

खराब कॅसेट घाईने चालवली की मशीन फीत खाते. मग उरलेलंही जातं. मी कवचाचे स्क्रू खोलले, फीत बाहेर काढली, फळीवर पांढरं कापड अंथरून त्यावर ठेवली. बुरशी लागलेली फीत वीतभर सोडवायची, मलमलच्या चिंधीने स्पिरिट लावून पुसायची, वाळू द्यायची, मग चांगल्या कवचाच्या चाकावर गुंडाळायची. ओढली तर वरचा काळा लेप निघतो. आवाज त्या लेपातच असतो. लेप गेला की ती नुसती प्लास्टिकची पट्टी.

नव्या कवचाच्या मागच्या दोन्ही खिट्या मी आधीच मोडून टाकल्या. खिट्या मोडल्या की मशीन त्यावर दुसरं काही भरू शकत नाही. हे मी नेहमीच करतो.

पहिला तुकडा तयार झाला तेव्हा सकाळ होती. मशीनमध्ये लावला. खरखर. मग पावसाची झिमझिम. मग फार लांबून एका बाईचा आवाज:

*पाणी आलं बोडीवरी, बाई, पाणी आलं बोडीवरी...*

आणि मागून बाकीच्या:

*हात चालू दे वं बाई, हात चालू दे...*

पुढे ओळ सांगणारी रंभाबाई. तिचा आवाज जाड होता, शेवटी थोडा फाटायचा. मी ओळखला. मशीन बंद केलं. काम होणार होतं.

त्या दिवशी मी आणखी फीत सोडवली. संध्याकाळी जोडून पहिल्यापासून लावली. पाऊस आला, रंभाबाई आली. सकाळपेक्षा जवळून.

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मशीनचं हेड पुसलं की आवाज उघडतो. हेड मी दुपारी पुसलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी मी आवाजाच्या चाकावर खडूने खूण केली आणि चाकाला हात लावला नाही. हेडही पुसलं नाही. फीत तीच, मशीन तेच. लावलं. त्या आणखी जवळ होत्या.

रोवणा करताना बायका वाकून मागे मागे सरकतात. लावलेलं धान समोर राहतं आणि पाठ धुऱ्याकडे येते. टेप धुऱ्यावर ठेवली असेल तर गाणं पुढे जाईल तसा आवाज जवळ येणारच. हे मला कळत होतं. पण तसं एकाच गाण्यात व्हायला हवं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इथे सुरुवातच जवळ येत होती. तीच ओळ, तोच ठसका, त्याच जागी एका बाईचं खोकणं, आणि दर वेळी थोडं अलीकडे.

गुंडाळलेली फीत वर्षभर पडून राहिली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्याला लागतो. मिस्तरीने मला ते दाखवलं होतं. त्याने आवाज दुहेरी होतो, आधी पुसट, मग मोठा. मी तेच असेल असं धरलं. फीत उलटी गुंडाळली, पुन्हा सरळ केली, आणि लावली.

आता चिखलातून पाय काढल्याचा आवाज येत होता. चुळूक, चुळूक. बांगड्या वाजत होत्या. दोन ओळींच्या मधे कोणीतरी दम घेत होतं.

फळ्यांपलीकडून तारा म्हणाली, "कोन आलं जी?"

"कोणी नाही. मशीन आहे."

"रंभा बोलल्यासारखी वाटली."

"मशीनच आहे. पडून राहा."

संध्याकाळी केशवराव रस्त्याने बैल घेऊन चालला होता. मी त्याला हाक मारली. मी कोणाला हाक मारत नाही, म्हणून तो धावतच आला.

"झालं का?"

"होईल. एक सांग. भरताना मशीन कुठं होतं?"

"सांगतलं ना, धुऱ्यावर."

"आणि बायका धुऱ्यापर्यंत येईपर्यंत चालू होतं?"

"कायचं बाप्पा! त्या अर्ध्यातबी नव्हत्या. पाऊस वाढला, साळा बोंबलला का माही टेप भिजते, मी बटन दाबून उचलून घेऊन आलो. काहून?"

"काही नाही."

"रंभा शिव्या देत होती मले. म्हणे, आमी भिजून राहिलो तं नाही दिसत, डब्बा भिजते तं दिसते." तो हसला. "हे आठवते. आवाज नाही आठवत."

तो गेल्यावर मी मशीनची वायर भिंतीतून काढून ठेवली.

५

तिसऱ्या दिवशी शेवटचा तुकडा जोडला. काम पुरं झालं की एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, ही माझी पद्धत. न ऐकता मी कोणाला वस्तू दिलेली नाही. आणि हे काम वाईट म्हणून परत येऊ द्यायचं नव्हतं. दुपार होती. बाहेर उघाड होती. समोरच्या झाडाखाली बकऱ्या बसल्या होत्या. मी वायर लावली, बटन दाबलं.

पाऊस नव्हता. गाणं एकदम सुरू झालं, इतकं जवळून की मी चाक बारीक केलं. बारीक झालं नाही. म्हणजे आवाज कमी झाला, पण जवळचा जवळच राहिला. खोलीत कोणी हळू गायलं तर जसा असतो तसा. स्पीकरच्या जाळीच्या आत पाणी ठिबकत होतं. मी खाली पाहिलं. जमीन कोरडी होती.

मग एका ओळीच्या मधेच रंभाबाई थांबली. मागच्या बायकांनी उत्तर दिलं नाही. फीत फिरत होती. ती फिरताना मला दिसत होती. ओल्या लुगड्याचा पिळा सोडल्यासारखं काहीतरी झालं. आणि ती बोलली. ओरडून नाही. बाई दारात उभी राहून बोलते तशी.

"तारा, तू बोलावलं नाही वं मले."

मी बटनाकडे हात नेला. बटन दाबायच्या आधी फळ्यांपलीकडून तारा बोलली. तिचा ताप त्या दिवशी चढलेला होता. आवाज जड होता, पण नेहमीचाच. रोवण्याच्या दिवसांत ती गल्लीत उभी राहून जशी बोलायची तसाच.

"अवं, तू पडली होती, तं कशी बोलावू? ये ना. उद्या ये माह्या बांधीत."

फितीत पुष्कळ बायका एकदम हसल्या. मग बटन उचलल्याचा खटका झाला. माझ्या मशीनचा नाही, फितीतला. पुढे कोरी खरखर.

मी आत गेलो. तारा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कपाळाला हात लावला. घाम फुटला होता.

"कोणाशी बोललीस?"

"मी?" ती म्हणाली. "कोनाशीच नाही. पाणी द्या."

पाणी दिलं. परत येऊन फीत पहिल्यापासून लावली. पाऊस. लांबून रंभाबाई. लांबून बायका. अर्ध्या गाण्यात पाऊस वाढला, पुरुषाचा आवाज आला, रंभाबाई लांबूनच डब्ब्याला शिव्या देताना ऐकू आली आणि खटका. केशवराव म्हणाला होता तसंच. मी पुन्हा लावली. पुन्हा तसंच. एक शब्द जवळ नाही, एक शब्द तुटलेला नाही. याच्यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालेलं नव्हतं.

कॅसेट डबीत घातली. वायर काढली. दिवस बराच शिल्लक होता. मी खारीत उतरलो आणि पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधल्या. पोरसवदा माणसासारखा न थांबता उपटत राहिलो. उपटलेला पऱ्हा फार टिकत नाही, लावायला कोणी नाही, हे मला माहीत होतं. बैलांना तरी होईल, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्याकडे बैल नव्हते.

सगळ्या जुड्या घराकडच्या धुऱ्यावर नेऊन ठेवल्या.

६

सकाळी पावसाची झड लागली होती. उजाडलं होतं, पण सूर्य दिसत नव्हता. मी चुलीवर चहा ठेवत होतो, तेव्हा गाणं ऐकू आलं.

पहिल्यांदा मला राग आला. केशवरावाने मजुरीने बायका लावल्या, माझं न ऐकता लावल्या, असं मला वाटलं. त्यांना बांधीतून बाहेर काढायचं ठरवून मी मागच्या दाराने निघालो. पाळ उतरलो. घराकडच्या धुऱ्यावर, उरलेल्या जुड्यांजवळ, येऊन उभा राहिलो.

बांधीत बायकांची पात लागली होती, एका रांगेत. पलीकडच्या धुऱ्यापासून अर्ध्यापर्यंत धान लावून झालं होतं. सगळ्यांच्या डोक्यावरून पाठीपर्यंत पावसाच्या खोळी होत्या, पळसाच्या पानांच्या. सगळ्या वाकलेल्या. सगळ्यांची पाठ माझ्याकडे. हात खाली जात होते, वर येत होते, आणि पात एक एक पाऊल मागे, माझ्याकडे येत होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. तेव्हा मला कळलं की बांधीतून आवाज येत नाही. पाय चिखलातून निघत होते, आवाज नव्हता. बांगड्या हलत होत्या, आवाज नव्हता. गाणं माझ्या मागून येत होतं. घरातून. दुकानातून, जिथे कॅसेट डबीत होती आणि वायर भिंतीतून काढलेली होती.

टोकाच्या बाईचं लुगडं हिरवं होतं. पदराजवळ ठिगळ होतं. लुगडं ताराचं होतं, ठिगळ तिने माझ्यासमोर लावलेलं. मी वळून घराकडे पाहिलं. मागच्या दारात तारा उभी होती, पट्टीचा हात छातीशी धरून. नेसलेलं लुगडं दुसरं होतं. ती बांधीकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. मागून उत्तर देणाऱ्या बाईसारखे.

मी पुन्हा समोर पाहिलं. पात जवळ आली होती.

मधल्या बाईने हात मागे केला. मान वळवली नाही, कंबर सरळ केली नाही. हातातली रोपं संपली की बायका असाच हात मागे करतात, आणि धुऱ्यावरच्या पुरुषाने जुडी द्यायची असते. ते काम पुरुषाचं. मी लहानपणापासून ते केलं आहे. हात समोर होता. बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. दिवसभर रोवणा केलेल्या कोणत्याही बाईची असतात तशी. नखांत चिखल होता.

मी जुडी उचलून त्या हातात दिली.

हात गेला. मग दुसरा हात मागे आला, शेजारणीचा. मी त्यालाही दिली. मग पुढच्या. मी देत राहिलो. नजर जुड्यांवर ठेवली. पाठी जवळ येत होत्या, इतक्या की खोळीच्या पानांवर पडणारा पाऊस माझ्या पायांवर उडत होता. जुड्या संपत आल्या. बांधीत शेवटची ओळ राहिली होती. ती झाली की बायका कंबर सरळ करतात, पदराने तोंड पुसतात आणि मागे वळतात. तसं नेहमीच असतं.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि घराकडे तोंड करून उभा राहिलो.

दुकानातलं गाणं संपलं. खटका झाला. दारात ताराने डोक्यावरचा पदर सारखा केला, आपण पाहुणीला वाटेला लावताना करतो तसा, आणि आत गेली.

बऱ्याच वेळाने मी वळलो. बांधी लावून झाली होती. ओळी सरळ होत्या. धुऱ्यावर एकही जुडी नव्हती. चिखलात पाय उमटलेले होते, ते पावसाने भरत चालले होते.

७

ताराचा ताप त्या दिवशी उतरला.

दुपारी केशवराव आला. मी मशीनला वायर लावली, कॅसेट घातली, बटन दाबलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. त्याने ती पुरती ऐकली, आणि पुन्हा लावली. मग बाहेर आला. डोळे पुसले नव्हते.

"तिचाच आहे," तो म्हणाला. "शेवटी फाटते ना, तसाच." मग म्हणाला, "आता तरी आयक. उद्या मी बाया पाठवतो तुझ्या बांधीत. मजुरीवाल्या गुलाबले अन् तिच्या जावेले सांगून ठेवलं. रंभाचा रोवणा राहाले नको. नाही नको म्हणू."

मी उठलो, त्याला घरातून मागच्या दाराशी नेलं. झड थांबली होती. त्याने बांधीकडे पाहिलं. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"फिटला," मी म्हटलं.